पवळीचं लुगडं

अमिताला स्वच्छतेचं वेड होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे जे झालं त्याचा दोष उगाच विमानावर किंवा म्हशीवर जायला नको. बिरवाडीला कारखान्यात नोकरी करणाऱ्या बापाची ही लेक. घरात नळ, कपडे धुवायचं मशीन आणि शेवटच्या पाण्यात टाकायचं ते निळं सुवासिक औषध, यांत ती वाढली. सुनीलशी लग्न होऊन ती उमरठच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत आली तेव्हा नळ गेला, मशीनही गेलं. निळी बाटली मात्र तिने सोडली नाही. पोलादपूरच्या बाजारातून ती दर महिन्याला वर यायची, आणि सासू साळूबाई दर महिन्याला न चुकता विचारायची, "ह्यानं काय कपडं पवित्र होतात गो?"

तरी दोघींचं बरं चाललं होतं. साळूबाई बोलायला फटकळ, पण सुनेच्या ताटात तूप वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. अमितानेही चार वर्षांत सगळं शिकून घेतलं होतं, एक पवळी सोडून. पवळी म्हणजे साळूबाईची म्हैस. ती अमिताला कासेला हात लावू द्यायची नाही. खरं तर साळूबाई सोडून कोणालाच द्यायची नाही.

या घरातल्या दोन बायका विमानात बसायला निघाल्या त्याचं कारण संजीवनी. साळूबाईची ही लेक नवऱ्याबरोबर गुवाहाटीला होती. नवरा लष्करात, तोही सीमेवर कुठेतरी पुढे गेलेला, फोन लागला तर लागला. दिवस भरलेले, बाळ आडवं, आणि डॉक्टरांनी शुक्रवारी सकाळी ऑपरेशन ठरवलेलं. लेकीला माहेरी आणणं शक्य नव्हतं, तेव्हा जावयाने माहेरालाच तिकडे बोलावलं. त्याने दोन तिकिटं पाठवली, एक सासूचं आणि एक सोबतीला मेहुण्याच्या बायकोचं.

जायचं नाही असं म्हणायची साळूबाईची छाती नव्हती. दोन वर्षांपूर्वी संजीवनीला असेच दिवस होते, आणि सातव्या महिन्यात अवचित दुखायला लागल्यावर तिने आईला बोलावलं होतं. साळूबाई गेली नव्हती. दोन म्हशी व्यायला टेकलेल्या, नवरा भिकू तापाने पडलेला. कारणं खरी होती, कोणी खोटं म्हटलं नसतं. पण पोर परक्या मुलखातल्या दवाखान्यात एकटी राहिली आणि बाळ हाती लागलं नाही. संजीवनीने त्यावर पुढे कधी अवाक्षर काढलं नाही. साळूबाईला तेच खात होतं. लेक भांडली असती तर बरं, असं तिने अमिताला एकदा चुलीपाशी बोलून दाखवलं होतं.

आणि नेमकी आताही पवळी व्यालेली. पंधरा दिवस झाले होते. रेडकू चौथ्या दिवशी गेलं, तेव्हापासून ती साळूबाईचा पदर हुंगायची, चाटायची, मग कुठे पान्हा सोडायची.

अशा म्हशीला सोडून जायचं तर त्यावर वाडीत एक जुना तोडगा आहे. बाई गावाला जाताना आपलं गोठ्यातलं, न धुतलेलं लुगडं खुंटीला ठेवून जाते, आणि मागे पुरुष ते नेसून, पदर घेऊन धार काढायला बसतो. म्हैस हुंगते, तिला ओळखीचा वास येतो, ती फसते किंवा फसल्यासारखं करते, आणि दूध देते. यावर वाडीत कोणी हसत नाही. वरच्या घरचा गोमाजी बायको वारल्यावर आठ महिने तिचं लुगडं नेसून म्हशीखाली बसला. ते विटून फाटायला आलं तरी त्याने धुतलं नाही, आणि म्हशीसाठीच धुतलं नाही का, असं त्याला कोणी विचारलंही नाही.

तर बुधवारी दुपारी साळूबाईने शेवटची धार काढली, खुंटीवरचं लुगडं भिकूला लांबूनच दाखवलं, कासोटा कसा मारायचा तो पुन्हा एकदा शिकवला, आणि गोठ्यातून उठून तशीच सुनीलच्या जीपमध्ये बसली. रात्र कामोठ्याला चुलतदिराकडे काढली. गुरुवारी सकाळी अमिताने परोपरीने विनवलं, "आत्या, आता तरी लुगडं बदला. विमानात लोक असतात."

"लोक जीपमधी बी होते. नवं लुगडं संजीच्या दारात गेल्यावर, हातपाय धुऊन नेसंन. बाळंतिणीच्या घरी प्रवासाचं कापड घेऊन शिरायचं नसतं."

झालं. सुनीलने दोघींना विमानतळाच्या दारात सोडलं. आतल्या रांगेत साळूबाईच्या मागे उभी असलेली एक बाई सारखी नाकाला रुमाल लावत होती. अमिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मान खाली घालून नव्या लुगड्यासकट दोन्ही बॅगा काउंटरवर दिल्या, त्या पट्ट्यावरून सरकत आत गेल्या, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

भिकूचा होता. वाडीत रेंज फक्त देवळामागच्या कातळावर मिळते, म्हणजे म्हातारा चढून आला होता. अमिताने फोन मोठ्या आवाजावर टाकून सासूच्या तोंडाशी धरला.

"अगो, पवळीनं लाथ घातली."

"लुगडं नेसलात ना?"

"नेसलो तर! डोक्यावर पदर बी घेतला. जवळ आली, हुंगलं, आन् अशी बिथरली म्हणतेस. बादली पार गोठ्याबाहेर. अगो, ह्या लुगड्याला वास कसला येतोय? लग्नाच्या मांडवात आल्यागत वाटतंय."

तो वास अमिताने ओळखला.

मंगळवारी तिने घर धुतलं होतं. पंधरा दिवस बाहेर जायचं, परत येऊ तेव्हा सगळं लखलखीत असावं, म्हणून तिने गोधड्या, उशा, घोंगडी, दारावरचा पडदा, जे दिसेल ते दगडावर आपटलं आणि निळ्या पाण्यात बुडवलं. खुंटीवरच्या लुगड्यापाशी मात्र ती मुद्दाम थांबली होती. ते कशासाठी आहे हे तिला ठाऊक होतं. पण सासरे ते शेणामुताचं लुगडं नेसून बसणार हे तिला बघवेना. वास काय, एका धुण्याने थोडाच जातो, असा तिने हिशेब केला आणि धुऊन, वाळवून, घडीची रेघसुद्धा न बिघडवता परत खुंटीला लावलं.

"दुसरं काय घ्या," साळूबाई म्हणत होती. "माझी गोधडी घ्या अंगावर."

"समदंच वासाचं हाय गो. घरात पाय ठेवला का फुलांच्या दुकानात शिरल्यागत होतं."

"कास कशी हाय?"

"दगड. हात लावला का थरथरते. काल दुपारपासनं तुंबलीय. सांजच्याला बी पान्हा नाय सोडला तर कास जायची तिची. तू आपली जा पोरीकडं. मी बघतो काय तरी."

तो काही तरी बघणार नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. फोन बंद झाला. साळूबाई चकचकीत फरशीवर मटकन खाली बसली. आजूबाजूने चाकांच्या बॅगा जात होत्या आणि ती गुडघ्यांना मिठी मारून समोर बघत होती. मग ती उठली आणि आल्या वाटेने दाराकडे चालू लागली.

"आत्या! कुठं?"

"सुनील लांब गेला नसल. मी जाते मागं. तू संजीकडं जा."

"आणि ताईंना काय सांगू?"

साळूबाई थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "काय सांगणार? म्हशीसाठी राहिली म्हनून सांग. पयल्या खेपेला बी तेच."

अमिताने सासूला चार वर्षांत रागावलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. आपणच धुतलं हे सांगायला तिने तोंड उघडलं आणि धीर न होऊन मिटलं. तिने सासूचा दंड धरला. धरल्याबरोबर तो वास आला, शेणाचा, कडब्याचा, दुधाचा, चुलीच्या धुराचा. सकाळपासून ज्या वासाची तिला लाज वाटत होती तो.

"आत्या," ती म्हणाली, "तुमच्या अंगावर हाय की पवळीचं लुगडं."

साळूबाईने पदराकडे पाहिलं. "आन् मी काय नेसू? बॅग तर गिळली त्या पट्ट्यानं."

"घेऊ की. हितं दुकान हाय."

अमिताने सुनीलला फोन लावला. तो पुलाखाली चहा पीत होता. 'निघू नका, दारात या, कारण विचारू नका,' एवढं सांगून तिने सासूला हाताला धरून ओढत नेलं.

तपासणीच्या अलीकडे कपड्यांचं एकच दुकान होतं. काउंटरमागच्या मुलीच्या छातीवर राजनंदिनी अशी पाटी होती. तिने आधी इंग्रजीत स्वागत केलं, मग साळूबाईकडे बघून हिंदीत, आणि साळूबाई "काय म्हनते ही?" म्हणाल्यावर मराठीत. "साडी नाही हो आमच्याकडे. सगळं कॅज्युअल आहे. टी-शर्ट, ट्रॅक पँट, असं."

"असू दे," अमिता म्हणाली. "लवकर दाखवा."

लवकर दाखवायला राजनंदिनीची ना नव्हती. अडलं ते साळूबाईपाशी. विमानतळावर कपडे घेणाऱ्या लोकांचं कोणी मेलं की काय कोण जाणे, सगळं दुकान काळं होतं. काळे टी-शर्ट, काळ्या पँटी, काळे टोपीवाले सदरे.

"काळं नको," साळूबाईने एका फटक्यात निकाल दिला. "बाळंतिणीकडं जायचंय."

राजनंदिनीने पांढरा काढला.

"माझा नवरा जिता हाय. आता तर बोलला."

राजनंदिनीने राखाडी काढला. साळूबाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्या पोरीने तो न बोलता परत ठेवला. मग तिघीही कामाला लागल्या. हँगर सरकत होते, अमिता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, आणि साळूबाई बाजारात रेडकू पारखावं तशी प्रत्येक कापड ताणून बघत होती. शेवटी पुरुषांच्या कोपऱ्यात, खालच्या फळीवर एक हळदीच्या रंगाचा टी-शर्ट सापडला. ढगळ, चांगला मांडीपर्यंत येणारा. छातीवर एक अस्वल डोळे मिटून पडलं होतं.

"हे काय गो?"

"अस्वल हाय, आत्या. झोपलंय."

"झोपलंय ना? मग असू दे."

पँट निळी मिळाली. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी अमिताने सासूला दिसायच्या आत मुठीत धरली. पँट घालायला साळूबाई आढेवेढे घेईल, रडेल, देवाची शपथ घालेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. साळूबाईने पँट दोन्ही हातांनी उभी धरली, आतून बाहेरून पाहिली आणि म्हणाली, "कासोटाच की हा. शिवलेला." मग तिचा हात बाजूला सरकला आणि थबकला. "अगो बया, खिसा हाय!"

साठीला टेकलेल्या बाईच्या कपड्याला आयुष्यात पहिल्यांदा खिसा आला होता. कमरेची चंची काढून तिने तो जागच्या जागी भरूनही पाहिला. एवढ्या धामधुमीत अमिताला तिची इतकी माया आली की तिने तोंड फिरवलं.

कपडे बदलायची खोली म्हणजे कपाटाएवढी. दोघी कशाबशा आत मावल्या, पण नऊवारी लुगडं काही मावेना. झटकायचं नाही, फरशीला लावायचं नाही, वास उडता कामा नये, असा साळूबाईचा हुकूम. म्हणून सुटत जाईल तसं लुगडं पडद्याखालून बाहेर जात होतं, आणि बाहेर राजनंदिनी दुसरं टोक धरून मागे मागे सरकत होती. ती पार चष्म्यांच्या कपाटाला जाऊन टेकली.

आत अमिता सासूसमोर खाली बसून पँटची नाडी ओढत होती. समोर आरसा होता, त्यात बघायचं तिने टाळलं.

"आत्या, मी धुतलं ते."

तिने नाडीला आणखी एक हिसका दिला.

"खुंटीवरचं. मंगळवारी. मला माहीत होतं कशाला ठेवलंय ते. मामांनी घाण नेसायला नको म्हणून धुतलं. वाटलं नव्हतं असं होईल."

"घाण?" साळूबाई म्हणाली.

त्या एका शब्दाने अमिताच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"चार वरसं तू त्याच घाणीचं दूध पितेस, पोरी." साळूबाईचा आवाज चढला नव्हता, आणि अमिताला ते जास्त लागलं. "पवळीचं रेडकू गेलं. तिला आता तेवढाच एक वास राहिला होता, तो बी तू दगडावर आपटलास. मुकं जनावर हाय. तिला कुनी सांगायचं, सून चांगल्या घरची हाय म्हनून?"

अमिता ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली. बाहेरून राजनंदिनीने विचारलं, "काकू, सगळं ठीक ना?"

"ठीक हाय, तू लुगडं सोडू नको," साळूबाईने आतून बजावलं. मग सुनेच्या डोक्यावर हात ठेवून, जरा दाबूनच, म्हणाली, "रड तू, रड. पर आधी नाडी बांध. विमान थांबायचं नाय."

दोघी बाहेर आल्या तेव्हा साळूबाईच्या अंगावर झोपलेलं अस्वल होतं, डोक्यावर अमिताची ओढणी होती, आणि पायांत त्याच जुन्या वहाणा. तिघींनी मिळून लुगड्याची घडी केली. राजनंदिनीने दुकानाची सगळ्यांत मोठी पिशवी दिली. ते त्यात कोंबून, वरून दुसरी पिशवी घालून, तोंडाला करकचून गाठ मारली.

दारावर हत्यारबंद जवान होता, उत्तरेकडचा, मिशीवाला. सुनील काचेपलीकडे उभा राहून हात हलवत होता. जवानाने अमिताला अडवलं. एकदा आत आलेल्याने बाहेर जायचं नाही, आतून बाहेर काही द्यायचंही नाही.

"नुसतं लुगडं हाय. साडी. साडी है," अमिता म्हणाली.

"साडी अंदर क्यों उतारी?"

आता याला काय सांगायचं? अमिताला येत होतं तेवढ्या हिंदीत तिने सांगितलं: म्हैस, रेडकू मेलं, लाथ, वास. आपल्याच कानाला ते वेड्यासारखं वाटत होतं. जवानाने गाठ सोडायला लावली, पिशवीत डोकावलं, आणि तसाच वाकलेला राहिला. मग हळूच विचारलं, "कितने दिन की ब्याई है?"

"पंधरा," साळूबाईने मध्येच उत्तर दिलं. म्हशीची हिंदी तिला समजली.

त्याने स्वतःच्या हाताने गाठ पुन्हा मारली, अमितापेक्षा घट्ट, दार अर्धं उघडून पिशवी सुनीलच्या हातात दिली आणि दरडावून म्हणाला, "भाई, रास्ते में धूप में मत रखना."

सुनील आईकडे बघत राहिला. हळदी अस्वल, निळी पँट, डोक्यावर ओढणी. "आये?"

"बघतोस काय! सांजच्या धारेला पोचायला हवंस. पळ."

सुनील पळाला.

विमानात साळूबाईने ढग पाहिले, पण तिचं मन वडखळ, माणगाव, महाड असं रस्त्याने चाललं होतं. आता कुठं असेल गो, असं ती थोड्या थोड्या वेळाने विचारायची, आणि अमिता घड्याळ बघून गाव सांगायची. लोणेरे आलं तेव्हा साळूबाईने तिचा हात आपल्या हातात घेतला. रागावली आहे की नाही ते सांगितलं नाही, हात मात्र उतरेपर्यंत सोडला नाही.

गुवाहाटीला उतरून बॅगा ताब्यात घेऊन बाहेर पडतात तो पाचच्या सुमारास चक्क अंधार. साळूबाई घाबरली. "सांज टळली! पोचला नाय गो तो." इकडे पूर्वेला दिवस लवकर मावळतो, वाडीत अजून ऊन असेल, हे तिला समजावता समजावता अमिताच्या नाकी नऊ आले. जावयाने पाठवलेल्या गाडीत दोघी बसल्या. बॅग मागे होती, पण लुगड्याचं नावही साळूबाईने काढलं नाही. फोनकडे डोळे लावून बसली होती.

फोन वाजला तेव्हा गाडी इस्पितळाच्या फाटकातून आत वळत होती.

"अगो," भिकू ओरडत होता. कातळावर वारा असावा. "दिलं! आधी पदर चाटला, चाटला, मुंडी घातली माझ्या पोटात. मी गप बसलो. मग सोडला पान्हा. बादलीला फेस आला!"

साळूबाईने ओढणीने तोंड पुसलं, मग तीच ओढणी अमिताच्या तोंडावरून फिरवली.

भेटायची वेळ संपायला दहा मिनिटं होती. हातपाय धुवायला, नवं लुगडं काढायला कोणाला सवड होती? परिचारिकेने घाई करत दोघींना लांबलचक पडवीतून नेलं. टोकाच्या खोलीत संजीवनी खाटेवर कुशीला वळून पडली होती, पोट हातांनी धरून. तिने दाराकडे पाहिलं. पिवळा टी-शर्ट आणि निळी पँट घातलेली एक म्हातारी दारात उभी होती. तिची नजर त्या म्हातारीवरून पुढे सरकून मागे आईला शोधू लागली.

"संजे," साळूबाई म्हणाली.

"आये?" संजीवनी कोपरावर उठली. "आये, हे काय घातलंयस? मला वाटलं, तू ह्या बारीला बी..." साळूबाई खाटेवर टेकली तशी तिने लहान पोरीसारखं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. नवं कापड, दुकानाचा वास. ती क्षणभर तशीच राहिली आणि मग तोंड वर करून रडवेल्या आवाजात म्हणाली, "आये, तुझा वास नाय गो ह्याला."

अमिताला भिंतीत शिरावंसं वाटलं.

साळूबाईने डोक्यावरची ओढणी काढून बाजूला टाकली. लेकीचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं, आपल्या केसांखाली, मानेशी आणून टेकवलं. संजीवनीने एक लांब श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि तिचे आखडलेले खांदे हळूहळू सैल पडले.

"लुगडं पवळीला दिलं," साळूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तिला तेवढं पुरं. तुझ्याकडं मी आले."